वेताळाची बहीण

ज्युली वॉकर कोण, हे मी आता शेवटचं सांगते आहे. बहिणीला सांगून झालं, नवऱ्याला सांगून झालं, फॉल-पिकोवाल्या वहिनींना सांगून झालं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "पण वेताळ पुरुष ना?"

तर, इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ हा त्या घराण्यातला एकविसावा. मूळ पुरुषाच्या बापाला चाच्यांनी मारलं. त्याने १५३६ साली बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस आहे आणि तो मरतच नाही. यांतल्या सतराव्याला ज्युली नावाची जुळी बहीण होती. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा तिने त्याचा पोशाख घातला आणि त्याचं काम केलं. म्हणजे बाई वेताळ होऊन गेलेली आहे. छापील पुरावा आहे. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या मेळ्याला, मी ज्युलीच्या वेशात जाणार आहे.

साध्या कपड्यांतही जाता येतं, आणि पुष्कळ लोक तसेच जातात. भाचीचा सल्लाही तोच होता. "मावशी, पहिल्यांदाच येतेयस तर जीन्स-कुर्त्यात ये. चालून चालून पाय जातात, तेव्हा बूट घाल, पाण्याची बाटली घे, पॉवर बँक घे. झाली तयारी." पण नुसतं बघायला म्हणून कुठे जाणं माझ्या स्वभावात नाही. हळदीकुंकवालासुद्धा मी घरच्या बाईपेक्षा उठून दिसते, असं लोक म्हणतात. निदान एक जण एकदा म्हणाली होती.

शिवाय माझ्या डोळ्यांपुढे चित्र तयार होतं. प्रचंड मोठा हॉल, त्यात ती सगळी रंगीत केसांची पोरं, आणि गर्दीतून एक पन्नाशीचा गृहस्थ माझ्यापुढे येऊन थबकतो. डोळे भरून आलेले. "ज्युली?" एवढंच विचारतो. यावर मी जे करणार होते ते नम्र, किंचित थकलेलं स्मित. त्याची तालीम मी रोज आंघोळीनंतर आरशापुढे करत होते. मग फोटोसाठी रांग लागणार, आणि मी "अहो, कशाला," म्हणत म्हणत नीट उजेडात सरकणार.

"कोणी ओळखणार नाही तुला," भाची म्हणाली. "निम्मे अ‍ॅनिमेवाले असतात. तुला लोक पर्पल बॅटगर्ल म्हणतील. चिडायचं नाही. आणि मावशी, भाषण द्यायचं नाही."

ती स्वतः 'डीमन स्लेअर' या अ‍ॅनिमेमधली नेझुको होणार होती. या नेझुकोच्या तोंडात सदासर्वदा बांबूचं नळकांडं बांधलेलं असतं, त्यामुळे ती बोलू शकत नाही. माझ्या बहिणीला मुलीची आजवरची कुठलीच आवड इतकी आवडलेली नाही.

आता रंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे; घाईत असाल तर सरळ पुढे शिंप्यापाशी भेटा.

वेताळाचा पोशाख जांभळा, हे कोणीही सांगेल. पण कुठला जांभळा? त्याचा जन्मदाता ली फॉक याच्या मनात करडा होता. १९३६ साली वेताळ वर्तमानपत्रात काळ्या-पांढऱ्यात सुरू झाला, तेव्हा प्रश्न आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी निघाली आणि त्यात तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. म्हणजे जो तो आपल्या गावात मिळेल ते घालून मोकळा झाला. मी तसं करणार नव्हते. मी दादरला मॅचिंग सेंटरमध्ये गेले.

मॅचिंग सेंटरचा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, पिशवीकडे बघतो. "कशावर मॅचिंग?" मी मोबाइलवर वेताळ दाखवला. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, वेताळाच्या मांडीपाशी थांबला, आणि मागे वळून पोऱ्याला ओरडला, "वांगी काढ!" वांगी आली. तिच्यामागून जांभूळ, कोनफळी, आमसुली, द्राक्षी आणि ज्याला हल्ली वाइन म्हणतात ते, असे तागे धडाधड काउंटरवर पडले. आमसुली मी तिथल्या तिथे परत केला. त्यात लाल झाक असते, आणि आपण इटलीत नाही. शेजारी पैठणीला अस्तर शोधणाऱ्या बाईंनी मान तिरकी करून मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, "कोनफळीच घ्या. कोनफळी अंगावर खुलतो." त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं, मोबाइलच्या रंगावर जाऊच नये, त्यात सगळंच भडक दिसतं. तिसरी कोणी म्हणाली, ट्यूबलाइटखाली काय बघताय, उन्हात न्या. मग तागे घेऊन आम्ही बाहेर फुटपाथवर. उन्हात वांगीचा कोनफळी झाला आणि कोनफळीचा भलताच राखी निघाला. पाच-सहा बायका, मधोमध वेताळ, आजूबाजूने केळीवाले, फुलवाले आणि स्टेशनकडे धावणारी माणसं. वाद रंगला. सासूबाई आपलं मत सोडेनात. एवढ्या वेळात मला एकीनेही विचारलं नाही, की हे तुम्हाला हवंय कशाला. साडी कुठली, एवढंच त्या दुकानात बघतात; ती नेसून तुम्ही कुठे जाणार हे तुमचं तुम्ही बघा. घरी हीच गोष्ट सांगायला मला ज्युलीच्या साऱ्या खानदानाचा दाखला द्यावा लागला होता.

शेवटी वांगी ठरलं. सव्वातीन मीटर काप म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "ब्लाउजला एवढं?" मी म्हटलं, ब्लाउज नाही, सगळ्या अंगाला घट्ट बसणारं आहे. त्याने कात्री खाली ठेवली. "मॅडम, हे टू बाय टू आहे. हे ताणत नाही." ताणणारं म्हणजे लायक्रा. लायक्राच्या दुकानात जांभळा एकच होता, शाळेच्या गॅदरिंगमध्ये द्राक्षांचा घड होणाऱ्या मुलांना घालतात तो. घेतला.

शिंपीकाका आमचे जुने. "गॅदरिंग का? नातीचं माप आणलंय?"

"माझंच घ्या."

काकांनी टेप गळ्यातून काढून परत गळ्यात घातली. "अस्तर?"

"नको. वरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी येते."

"आतून ना?"

"बाहेरून."

त्यांनी वहीत 'चड्डी बाहेरून' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली, म्हणजे कारागिराची चूक व्हायला नको. "गळा केवढा ठेवू?" गळा नाहीच, म्हटलं, कापड डोक्यावरून जातं. काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बाहीत मार्जिन सोडतो. पुढेमागे उपयोगी पडेल."

इंद्रजाल आमच्या घरी यायचं ते दादासाठी. ही कॉमिक्स १९६४ पासून १९९० पर्यंत निघत होती, मराठीतही. दादाचं वाचून झालं, त्याच्या मित्रांचं झालं, की माझ्या हाती यायचं. तोवर मधलं पान सुटलेलं आणि चाच्यांना मिशा काढलेल्या. मग गच्चीवर खेळ. दादा वेताळ. शेजारचा गुरन, वेताळाचा दोस्त. त्याचा धाकटा भाऊ घोडा. घोडासुद्धा मुलगाच हवा. मी डायाना, वेताळाची नायिका. डायानाचं काम म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पायपाला बांधलेलं असणं. ऐन लढाईत आई दादाला दळण आणायला पिटाळायची, बाकीचे पांगायचे, आणि मी तिथेच बांधलेली. कॉमिकमधली डायाना पामर ऑलिंपिकमध्ये सूर मारलेली बाई आहे, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते. टाकीला बांधायला आलेल्याला तिने पाण्यात ढकलला असता. हे मला मोठेपणी, आपल्या पैशांनी अंक घेऊन शांतपणे वाचले तेव्हा कळलं. ज्युलीही तेव्हाच भेटली. दादाला ज्युली ठाऊक होती का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. राखीपौर्णिमेला विचारणार आहे, ओवाळणी घेण्याआधी.

आणि बायकांना असं बाजूला ठेवणं आमच्या गच्चीवरच चालायचं असंही नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून गेले. आजच्या या सगळ्या वेशभूषांचं मूळ लोक तिथे शोधतात आणि नाव पहिलं अ‍ॅकरमनचं घेतात. दोघांचेही कपडे मर्टलबाईंनी तयार केले होते. हे वाचलं त्या संध्याकाळी मी नवऱ्याला चहा दिला नाही. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

पोशाख आला, आणि भाचीने तो उलटासुलटा करून पाहिला. "मावशी, हे एकसंध आहे."

"असाच असतो."

"बाथरूमला कशी जाणार?"

इंद्रजालचे इतके अंक वाचले, पण वेताळाची ती सोय ली फॉकने कुठे बघितल्याचं आठवेना. पोशाख परत काकांकडे. कमरेत कापून दोन भाग, जोड चड्डीखाली लपेल असा. "मी तेव्हाच म्हणणार होतो," काका म्हणाले.

पिस्तुलांचंही तेच. वेताळाच्या कमरेला दोन असतात. मी माळ्यावरची टिकल्यांची जोडी काढून पुसून ठेवली होती. भाची म्हणाली, खऱ्यासारखं दिसणारं काही नेलंस तर गेटवरच काढून घेतील. मग तिने फोमची कापली, हीट गनने वाकवली आणि टोकाला नारिंगी रंग दिला. आता ती कोणालाच खरी वाटणार नाहीत, मलासुद्धा. अंगठ्या मात्र मी स्वतः केल्या, एम-सीलच्या. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी असते, ठोसा मारला की जबड्यावर कायमचा ठसा उमटतो. डाव्या हातातली चांगल्या माणसांसाठी, संरक्षणाची. कवटी वळायला बसले तर बोटं आपोआप कळ्या पाडायला लागली. कवटीचा मोदक झाला. दुसऱ्या खेपेला दात आले, पण चेहरा हसरा. भाची म्हणाली, क्यूट आहे. वेताळाने ज्याला ठोसा मारला त्याने जबडा चोळत "क्यूट आहे" म्हणावं, यासाठी मी एवढा खटाटोप केलेला नव्हता.

गर्दीची मला भीती नाही. आयुष्य डोंबिवलीत गेलं आहे. सॅन दिएगोचं कॉमिक कॉन १९७० साली एका हॉटेलच्या तळघरात शे-दीडशे लोकांनिशी सुरू झालं, आता तिथे सव्वा लाखावर माणसं जातात. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिलं भरलं आणि मग मुंबईतही. मी खरं तर तळघरवाल्यांपैकी असायची. चुकीच्या वेळी, चुकीच्या लोकलमध्ये जन्माला आले.

भाचीने मला एक पाऊच भरून दिला: सुईदोरा, गोंदाची ट्यूब, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि मूठभर सेफ्टी पिना. इतक्या पिना कशाला, विचारलं. "अगं, उसवतं काहीतरी." मग टेप कापता कापता, मान वर न करता तिने सांगितलं, "फोटो काढायला येणारे बहुतेक विचारून काढतात. पण कोणी न विचारता कमरेत हात घातला तर मोठ्याने नाही म्हण. तसे बोर्ड असतात तिथे, की कपडे असे घातले म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. सगळे वाचत नाहीत. आम्ही एकटं फिरत नाही, आलटून पालटून पाठीमागे एक जण असतो."

एवढं सगळं तिला पाठ होतं. ड्रेस शिवण्याइतकीच ही तयारीही सरावाची झालेली. तिच्या वयाची असताना माझ्याही पर्समध्ये पिना असायच्या, आणि त्या उसवलेल्या शिवणीसाठी नसायच्या. बसमध्ये चढताना एक उघडून बोटांत धरायची, कोपर बाहेर काढून उभं राहायचं. हे आम्ही मैत्रिणींनी एकमेकींना शिकवलं होतं, घरी कोणी बोललं नव्हतं. पोरींनी हौसेने काही घालून बाहेर पडायचं ठरवलं तर त्या पाऊचमध्ये अजून हे ठेवावंच लागतं, याचा मला त्या क्षणी इतका संताप आला, की ती हसरी कवटी काढून पुन्हा रागीट करावीशी वाटली. मी तिला म्हटलं, पाठीमागे मी असेन. ती म्हणाली, "तू पुढे असशील, फोटो काढून घेत." ओळखते मला.

राहिला प्रश्न डोंबिवलीहून बीकेसीला कॉमिक कॉनपर्यंत या अवतारात जायचं कसं. याचं उत्तर खुद्द वेताळानेच दिलेलं आहे. जंगल सोडून शहरात निघाला की तो पोशाखावर लांब ओव्हरकोट घालतो, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि स्वतःला मिस्टर वॉकर म्हणवतो. नवऱ्याचा मनालीसाठी घेतलेला कोट होता. हॅट महाबळेश्वरची. चष्मा फेरीवाल्याकडून. घामाने आतली लायक्रा चिकटली, पण आरशात बघितलं आणि खरं सांगते, मी बाई भारी दिसत होते. रंगीत तालीम म्हणून दोघी खाली एक फेरी मारून येऊ असं ठरलं. भाची पूर्ण नेझुको, तोंडात बांबू.

लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी आधी कोटाकडे बघितलं, मग हॅटकडे, मग चष्म्यावर नजर स्थिरावली. माझ्या लक्षात आलं, या माणसाचं वय अगदी इंद्रजालचं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उमटली. मी ते स्मित केलं. नम्र, किंचित थकलेलं.

"वहिनी," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मोतीबिंदूचं झालं वाटतं?"

भाचीच्या बांबूतून विचित्र आवाज यायला लागला.

"हो," मी म्हटलं. "कालच."

"थेंब वेळेवर घाला," सेक्रेटरी म्हणाले. "आणि इतक्यात डोक्यावरून आंघोळ नको."