'कळवतो' म्हणाले, न्हवं?

"काकू, परवा दुपारभर दार लावून बसलायसा ते? लेकीचं काही ठरवताय काय?"

"ठरवतंय कुठलं! तिचा इंटरव्ह्यू होता लॅपटॉपवर. कुकरची शिट्टी पण व्हायला नको म्हणाली. मग मी आपला भाकऱ्या थापत बसलो."

"विचारलं काय सॉफ्टवेअरवाल्यांनी?"

"कंस! गोल, चौकोनी, महिरपी. उघडलेले सगळे कंस बरोबर क्रमानं मिटलेत का, ते तपासायचा प्रोग्राम लिही म्हणाले. मला दुरडीतल्या भाकऱ्या दाखवून समजावलं तिनं. शेवटी टाकलेली भाकरी वर, उचलताना तीच पहिली. तसा उघडणारा कंस रचत जायचा. मिटणारा आला की वरच्याशी जुळवायचा, जुळला तर वरचा काढायचा, न्हाई जुळला तर तिथंच चूक. शेवटाला दुरडी रिकामी, तर सगळं बरोबर. स्टॅक म्हणत्यात त्याला."

"मग जमलं की!"

"प्रोग्राम चालला ओ. पण लिहिताना गप्प बसली. साहेब सारखं म्हणायला लागले, डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोल. उत्तर नुसतं नको असतंय त्यांना, विचार कसा करतीस ते बघायचं असतंय."

"आत्ता गं बया! तुमची लेक असून गप्प? हितं कुंपणापाशी आणून उभी करायची होती की!"

"करा चेष्टा! मग एचआरवाल्या बाई आल्या. पगार किती पाहिजे, हिंजवडीत ऱ्हाशील काय, सगळं विचारलं. 'कळवतो' म्हणाल्या. तवापास्नं मेल न्हाई, फोन न्हाई. पोरगी जेवताना पण मोबाईल सोडंना झालीया."

"सुधा मूर्तींचं ठाऊक हाय न्हवं? १९७४ साल. टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत छापलेलं, बायकांनी अर्ज करू नये. बंगळूरला विज्ञान संस्थेत शिकत होत्या तवा. चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. दहा दिवसांच्या आत तार आली, पुण्याला मुलाखतीला या, खर्च कंपनीचा! नोकरी पण मिळाली."

"बघा! तवा कार्डाला तार आली. आता सगळ्या फेऱ्या घेऊन एक ओळ लिहवत न्हाई. घ्यायची नसंल तर नका घेऊ, पण 'न्हाई' म्हणून तरी कळवा की! पोरीला मी सांगितलंय, त्यांची वाट बघू नको, दुसरीकडं अर्ज टाक. आणि तिथं गेल्यावर तोंड उघड."