ऑक्साइड धरतंय

आमच्या पार्किंगमधल्या नानांना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव अण्णा असेल, प्रीमियर पद्मिनीऐवजी अँबॅसॅडर असेल, इतकाच फरक. बॉनेट उघडं दिसलं की जाणती माणसं मागच्या गेटनं घरी जातात.

नानांचं हाडवैर ऑक्साइडशी. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तो गरीब बिचारा कुठलाही रंग अंगाला लावून घेतो. वरचं हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं. ते घासून लख्ख केलं की हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर साधा रंग मारला तर पुढे पापुद्रे सुटतात. म्हणून घासकाम आटोपलं की लगेच एच प्रायमर. त्यातलं आम्ल धातूला चावतं, मग रंगाला पकड मिळते. हे सगळं खरं आहे. तक्रार एवढीच, की या एका सत्यावर नानांनी सगळा संसार चालवला.

वहिनी गॅलरीतून जेवायला बोलावतात. खालून उत्तर : "ऑक्साइड धरतंय!" सोसायटीच्या सभेला कोरमसाठी एक डोकं कमी पडतं. "ऑक्साइड धरेल." लेकीच्या साखरपुड्याला व्याही दारात आले तेव्हा यजमान पितळी ब्रश घेऊन खाली. व्याही भला माणूस. खाली येऊन कौतुकानं म्हणाला, "आमच्या चांदीच्या भांड्यांवरही धरतं बघा ऑक्साइड." नानांनी ब्रश खाली ठेवला. "चांदीवर धरतं ते सल्फाइड," म्हणाले, आणि सल्फाइडवर जे बोलू लागले, त्यात मुहूर्त गेला.

ब्रश पितळीच का, हे वॉचमनला विचारा. त्यानं एकदा मदत म्हणून पोलादी ब्रश आणून दिला होता. लोखंडाचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके उठतात, हे त्या गरिबाला आता झोपेतही पाठ आहे. मोरी साफ करायची कॉस्टिकची पावडर घरात येत नाही. ती अ‍ॅल्युमिनियम खाते. गॅरेजवाल्यानं सुचवलं, काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करून टाका, तासाभराचं काम. नाना त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. एखादा मणी ऑइलच्या भोकात राहिला, तर बेअरिंगची माती! त्यामुळे रॉकेल, साबणाचं पाणी आणि जुने टूथब्रश. आमच्या मजल्यावरचे सगळे जुने टूथब्रश तिथेच जातात.

खरी गंमत पुढे आहे. उष्णता सोसणारा तो रुपेरी रंग पक्का व्हायला इंजिन तापावं लागतं. म्हणजे गाडी चालवायला हवी. आणि चालवली तर ऑइल पाझरणार, धूळ चिकटणार, रंग मळणार. म्हणून नाना गाडी चालवत नाहीत. म्हणून रंग कच्चा राहतो. पेट्रोलचा एक थेंब पडला की डाग. डाग पडला की हेड पुन्हा खाली, नवं गॅस्केट, नवे टूथब्रश. साठच्या दशकापासून कुर्ल्यात बनलेली ही गाडी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पार गाळ होईपर्यंत पळवली. 2023च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. नानांची मात्र गेटबाहेर पडत नाही.

परवा मागचं गेट बंद होतं. सापडलो. हातात मास्किंग टेप आली. सहज विचारलं, "नाना, तुम्ही तर प्रीमियरमध्येच होता. तिथे हेडला कुठला प्रायमर मारायचे?"

"प्रायमर?" नाना हसले. "कोरंच जायचं. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले. गाडी मिळाली हेच नशीब, बॉनेट कोण उघडून बघतंय? ओतीव कामाच्या रेषासुद्धा तशाच असायच्या. एकेक हेड हातावरून पुढे जायचं. वाटायचं, जरा घासून द्यावं. पण मागून दुसरं आलेलं असायचं."

"आणि आता?"

"आता मागून कोण येतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नानांना ते नकोच होतं. कारखाना होता त्या जागेवर टॉवर उभे राहिलेत, तिथल्या एकाही पार्किंगला बिल्डरनं धड प्रायमर मारलेला नाही, अशी माहिती मिळाली. ते स्वतः जाऊन नखानं खरवडून आले होते.

"आता गप्पा पुरे," ते म्हणाले. "टेप नीट दाब. प्लगच्या भोकात रंग गेला ना, तर तुझ्याकडूनच काढून घेईन."