बस, एक सवारी और!

भिलाईत कुरुदहून पॉवर हाउसकडे निघालेल्या शेअर ऑटोत भांडण लागायला एक गाय पुरते. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहते, ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो आणि मागच्या बाकावरची मंडळी पुढच्यांच्या पाठीवर. ‘‘धक्का कशाला देता?’’ ‘‘आम्ही कुठे दिला?’’ मागचे खरंच बोलत असतात. थांबला तो ऑटो. मंडळी आपल्या आधीच्याच वेगानं चालत राहिली. त्यांना थांबवायलाही बल लागतं. ते गुळगुळीत रेक्झिनच्या सीटला जमत नाही, म्हणून पुढच्याच्या पाठीकडून वसूल होतं. न्यूटननं १६८७ साली जडत्वाचा नियम छापला, तेव्हा त्याला ही वसुली ठाऊक नसावी.

आमच्या शेजारच्या काकूंना मात्र सगळं ठाऊक आहे. त्या मांडीवर कढीचा डबा घेऊन बसतात. ऑटो सुटला की कढी मागच्या कडेवर चढते, थांबला की पुढच्या. एकसारखा पळत असला की गप्प. ‘‘वेगानं सांडत नाही हो,’’ त्या म्हणतात, ‘‘ह्या मेल्याच्या पायानं सांडते!’’ हे आमच्या प्लांटलाही ठाऊक आहे. भिलाई स्टील प्लांटची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिथे वितळलेलं लोखंड लॅडल नावाच्या भल्यामोठ्या पातेल्यात भरून रुळांवरून नेतात, आणि इंजिनवाला हळूच सुटत-थांबत काकूंचाच नियम पाळतो. काकूंचं निदान पदरावर भागतं.

काका प्लांटातून रिटायर झालेले. त्यांना पटत नाही ते पुढचं. सपाट, सरळ रस्त्यावर ऑटो एकाच वेगानं पळतो, तेव्हा इंजिनाचा पुढचा जोर आणि वारा व घर्षण यांचा मागचा जोर सारखेच. बेरीज शून्य, उभ्या ऑटोइतकीच.

‘‘मग पेट्रोल कशाला जाळतो तो?’’

घर्षणाची उधारी फेडायला, काका. वेग टिकवायला काही लागत नाही; लागतं ते मागे ओढणाऱ्यांची तोंडं बंद करायला. (हे वाक्य काकांना घराच्या संदर्भात लगेच पटलं.)

एकसारखं पळणं आणि उभं राहणं आतून सारखंच वाटतं, हे दाखवायला गॅलिलिओनं १६३२ साली जहाजाची बंद खोली सुचवली होती: आत फुलपाखरं सोडा, जहाज संथ एकसारखं चालत असेल तर ती उभ्या जहाजातल्यासारखीच उडतील. भिलाईकरांना फुलपाखरांची गरज नाही. नागपूरच्या गाडीत वरच्या बर्थवर डोळे मिटावेत. रूळ बहुधा भिलाईचेच असतात, २६० मीटरपर्यंत लांब पट्ट्यांत इथून जातात. सांधे कमी, खडखड कमी. गाडी राजनांदगावला उभी आहे की डोंगरगड मागे टाकते आहे, सांगता येणार नाही.

‘‘घर्षणच नसतं तर?’’ काकांनी विचारलं. तर पळता ऑटो सरळ रेषेत गेला असता. म्हणजे पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी ओसरीत, कारण वळायलाही घर्षणच लागतं. आणि उभा ऑटो सुटलाच नसता. चाकं जागच्या जागी गरगरली असती आणि ड्रायव्हर ओरडत राहिला असता, ‘‘बस, एक सवारी और!’’

‘‘मग आत्ता वेगळं काय आहे?’’ काकू म्हणाल्या.