बढती टाळण्याचे शास्त्र

सैन्यात शिरून जन्मभर साधा शिपाई राहणे ही सिद्धी वरवर सोपी वाटते. परंतु लष्करी यंत्रणेचा स्वाभाविक कल माणसाला वरवर सरकवण्याकडे असल्याने ती साधायला अखंड दक्षता लागते, आणि या विषयात मॉर्ट वॉकर या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या ‘बीटल बेली’ या चित्रपट्टीचा नायकच प्रमाण मानावा लागतो. ४ सप्टेंबर १९५० रोजी वृत्तपत्रांत कॉलेजातला आळशी विद्यार्थी म्हणून अवतरलेला हा बीटल कोरियातील युद्ध चालू असताना, १९५१ च्या मार्च महिन्यात, भरती झाला आणि पुढे कॅम्प स्वॉम्पी नावाच्या छावणीत ‘प्रायव्हेट’, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतला सैनिक, म्हणून दशकानुदशके नांदला.

साधकाने प्रथम टोपी डोळ्यांवर ओढून घ्यावी. डोळेच दिसत नसले की समोरचा इसम चिंतनात आहे की झोपेत, याचा निवाडा वरिष्ठांना करता येत नाही.

दुसरे पथ्य सार्जंटविषयी असून तेच सर्वांत अवघड आहे. सार्जंट फर्स्ट क्लास ऑर्व्हिल स्नॉर्कल हा आपल्याकडच्या हवालदाराच्या जवळपासचा, म्हणजे कमिशन नसलेला पण पलटणीवर प्रत्यक्ष हुकमत गाजवणारा अधिकारी होय. तो ओरडतो तेव्हा त्याच्या शिव्या वेटोळी, तारे आणि वाकड्यातिकड्या खुणा यांच्या रूपाने छापल्या जातात (या खुणांना वॉकरने ‘ग्रॉलिक्स’ असे भारदस्त नावही देऊन ठेवले), आणि त्याने बीटलला बदडले की जमिनीवर केवळ हातापायांचा गुंता उरतो, जो दुसऱ्या दिवशीच्या अंकात पुन्हा धडधाकट होऊन झोपलेला आढळतो. या प्रकाराला वैर समजणे हे नवशिक्याचे लक्षण आहे. स्नॉर्कलला घरसंसार नाही. त्याला आहेत ते जेवण, गणवेश घातलेला ऑटो नावाचा कुत्रा आणि हा कामचुकार शिपाई, ज्याच्यावाचून त्या बिचाऱ्याला करमत नाही. तेव्हा मार खावा, पण बदली मागू नये.

कॅप्टन स्कॅबर्ड आणि मेजर ग्रीनब्रास यांच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. चित्रपट्टीनेही बहुधा तेच केले आहे.

खरा धोका लेफ्टनंटापासून संभवतो. लेफ्टनंट ही अधिकाऱ्यांच्या शिडीची पहिली पायरी, आणि तिच्यावर उभा असलेला सॉनी फझ हा तरुण नियमपुस्तक पाठ करून, साहेबांच्या पुढेपुढे करून, कोणी न मागितलेले अहवाल तत्परतेने सादर करून सर्वांची झोपमोड करतो. असा एक फझ प्रत्येक कचेरीत असतोच. पाचला पाच मिनिटे असताना तोच नेमका बैठक बोलावतो, साहेबांच्या विनोदावर साहेबांच्या आधी हसतो, आणि त्याचे नेमके काय करावे हे कोणत्याही शास्त्राने आजवर सांगितलेले नाही, हे फारच वाईट आहे. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की वॉकर स्वतः दुसऱ्या महायुद्धात लेफ्टनंट होता आणि फझचे पात्र त्याने स्वतःवरूनच बेतले. असे औदार्य इतर फझांकडून अपेक्षिता येत नाही.

शिखरावर ब्रिगेडियर जनरल एमॉस हाफट्रॅक बसतो. खांद्यावर एक तारा, हातात गोल्फची काठी किंवा मद्याचा पेला, घरी पत्नी मार्थाचा धाक आणि मनात पेंटागॉनकडून, म्हणजे अमेरिकी संरक्षण मुख्यालयाकडून, कधीतरी पत्र येईल ही आशा, असा त्याचा दिनक्रम असतो. चिटणीस मिस बक्सलीकडे टक लावून पाहण्याची त्याची सवय वाचकांना इतकी खटकली की १९९७ मध्ये त्याला वर्तनसुधारणेच्या प्रशिक्षणाला धाडावे लागले. बढतीचा शेवट असा एकाकी होतो, हे साधकाच्या पथ्यावरच पडते.

शेवटी प्रसिद्धीच्या संकटाचा विचार केला पाहिजे. अधिकाऱ्यांविषयीचा आदर कमी होईल या भीतीने ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या लष्करी वृत्तपत्राच्या टोकियो आवृत्तीने १९५४ मध्ये ही चित्रपट्टी बंद केली, आणि त्या बंदीने तिचा बोलबालाच झाला. पुढे २००० साली तर खुद्द पेंटागॉनमध्ये सन्मानसमारंभ घडला. सुदैवाने पदक वॉकरच्या छातीवर लागले, म्हणून बीटल थोडक्यात बचावला.