विचारा, पण शेजाऱ्याला

देशात पाहणी व्हावी, आकडे यावेत, धोरणं ठरावीत, याबद्दल आमच्या सोसायटीत दुमत नाही. फक्त पाहणी 'बी' विंगमध्ये व्हावी, असं 'ए' विंगचं मत आहे आणि 'बी' विंगचं नेमकं उलट.

संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकारानं 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्याच आकड्यांवरून पुण्याच्या दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली देशाला गरिबीचा हिशेब दाखवला. तेव्हा विचारणारा खेड्यात जायचा आणि खेडं त्याला घोंगडी अंथरून बसवायचं. आता विचारणारी मुलगी टॅबलेट घेऊन आमच्या गेटवर येते आणि वॉचमन तिला कुरिअरच्या रांगेत उभं करतो. रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यात तो 'सेल्स' असं लिहितो. इंटरकॉमवर सेक्रेटरी सांगतात, "सगळे बाहेरगावी गेलेत म्हणावं."

त्यांचंही बरोबर आहे. 2022-23 च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरातली वरची पायरी ठरवायला विचारलं होतं, की घरात 10 लाखांची किंवा त्याहून महाग चारचाकी आहे का? लग्नाच्या बैठकीत हाच प्रश्न आला तर आमच्याकडे किल्ली टीपॉयवर ठेवतात. सरकारनं विचारलं की तीच गाडी मेव्हण्याची होते.

पुढे विचारायच्या वस्तू 400 हून अधिक. शिवाय खाणंपिणं, किरकोळ खर्च आणि टिकाऊ वस्तू यांच्यासाठी वेगवेगळ्या तीन फेऱ्या. महिन्याला तेल किती, साखर किती? मालकीणबाईंना ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते स्वयंपाकाच्या मावशींना. पाहणीच्या व्याख्येत एका चुलीवर जेवतं ते एक कुटुंब. आमच्याकडे चौघांची चार ॲपवरून चार पार्सलं येतात; म्हणजे एका फ्लॅटात कुटुंबं किती, हे दिल्लीनंच ठरवावं. त्याच मावशी स्वतःच्या घरी मात्र रेशनच्या तांदळापासून मुलाच्या वेफर्सच्या पुड्यापर्यंत सगळं बिनदिक्कत सांगतात. गावंही तशीच मोकळी; म्हणून तर गावाकडचा बदल आकड्यांत दिसला: ग्रामीण खर्चात तृणधान्याचा वाटा 4.91 टक्के, तर पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा 9.62. गावानं ताट दाखवलं, आम्ही 'बाहेरगावी' होतो. उद्या कोणी म्हणालं, की देशात श्रीमंतांचा खर्च फारसा दिसत नाही, तर आमचं नाव घेऊ नये.

दार लावण्यात सरकारही आमच्याच सोसायटीचं सभासद शोभतं. 2017-18 मध्ये अशीच पाहणी झाली. लोकांचा खर्च घटल्याचं वर्तमानपत्रात फुटलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारनं जाहीर केलं, की आकड्यांच्या दर्जाबद्दल शंका असल्यानं अहवाल प्रसिद्ध होणार नाही. आकडे स्वतःच्याच दारात उभे होते. आतून निरोप आला, साहेब बाहेरगावी आहेत. 2011-12 नंतरचे आकडे मिळायला मग 2024 उजाडलं.

तरी एक पाहणी आम्हाला मनापासून आवडली. 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बायका रोज 289 मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, पुरुष 88 मिनिटं. पुरुषांच्या आकड्यात फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावणारेच धरलेत, आणि असा चौघांत सुमारे एकच निघतो, हे आम्ही सौभाग्यवतींना सांगितलं नाही. नुसतं 88 मिनिटं एवढंच मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्यांनी कणकेचा हात न धुता आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आकड्यांच्या दर्जाबद्दल शंका आहे. हा अहवाल घरात प्रसिद्ध होणार नाही."