बियाण्याच्या दुकानाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यास खुले पत्र



मृग लागला की अकोल्यात बियाण्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. शेतकरी वाणाचं पूर्ण नाव घेत नाही, ‘तीनशे पस्तीस द्या’ एवढंच म्हणतो. काउंटरवरचा मुलगा ३३५ टाइप करतो आणि तुमचं सॉफ्टवेअर सांगतं, नोंद नाही. मागे त्याच सोयाबीनच्या बॅगांची थप्पी लागलेली! नोंद ‘जेएस-३३५’ आहे आणि मधल्या रेघेसकट तसंच लिहिल्याशिवाय ती द्यायची नाही, असा तुमचा हट्ट. गर्दीत कुणी ‘जेएस ३३५’ नव्यानं भरतो, कुणी ‘जेएस३३५’. एकच वाण तीन ठिकाणी फुटतं, साठा रजिस्टरशी जुळत नाही. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली त्याचा जाब आम्हाला द्यावा लागतो, तुम्हाला नाही.

एकेएच-०८१ हे आमच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं कापसाचं वाण. तुम्ही आकड्यांचा रकाना संख्येचा केलात, शून्य गळालं, बिलावर एकेएच-८१ छापून आलं. उगवण झाली नाही तर शेतकरी तेच बिल घेऊन तक्रारीला जातो. त्याच्या हातातला पुरावा तुम्ही चुकवलात, याचा मला खरा संताप आहे.

बॅगवर छापलेलं नाव जसंच्या तसं ठेवा. शोधासाठी वेगळा रकाना करा. त्यात रेघा, तिरक्या रेषा, मोकळ्या जागा काढून टाका, लहान-मोठी अक्षरं एकसारखी करा, देवनागरी आकडे इंग्रजीत बदला. शोधणारा जे टाइप करेल त्यालाही हाच नियम लावा. आणखी एका रकान्यात पहिल्या आकड्यापासून पुढचा भाग ठेवा, पण मजकूर म्हणून, म्हणजे शून्य टिकेल. दोन्ही रकान्यांना इंडेक्स द्या. मग नुसत्या ३३५ वर वाण सापडेल आणि त्यासाठी अख्खा डेटाबेस चाळावा लागणार नाही.

अमरावतीच्या संशोधन केंद्राची एएमएस १००१ आणि एएमएस १००-३९ ही दोन वेगळी वाणं आहेत. ‘१००’ टाइप होताच दोन्ही दाखवा, शेजारी येलो गोल्ड आणि अंबा ही त्यांची नावं लावा. पहिलं दिसेल ते परस्पर बिलात घालू नका. यादीत एमएयूएस-७१ आधी आणि १६२ नंतर येऊ द्या. आज उलटं येतं, कारण यादीत तुम्ही नावातले आकडेही अक्षरांसारखे लावता.

हे पेरणीआधी करून द्या. दुहेरी झालेल्या जुन्या नोंदी तुम्ही स्वतः दुकानात बसून एकत्र करा. काउंटरवरच्या मुलाच्या माथी ते काम मारू नका.

एक बियाणे विक्रेता, अकोला