गिटारची चौकडी कशी जमवावी

आधी चार माणसं मिळवा. एक जॅझवाला, एक पाश्चात्त्य शास्त्रीयवाला, एक ब्राझीलच्या संगीतावर जीव टाकणारा आणि एक फ्लामेंकोवाला. ओळखायला सगळ्यात सोपा शेवटचा. त्याच्या गिटारीच्या पोटावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, कारण वाजवता वाजवता तो नखाने लाकडावर टकटक मारतो. पट्टी नसती तर तिथे कधीच खड्डा पडला असता. या प्रकाराला गोल्पे म्हणतात आणि तो मुद्दाम केलेला असतो. ‘काही तुटलं का?’ असं विचारू नका.

आता नखं. डाव्या हाताची मुळापासून कापा, उजव्या हाताची वाढवा. यावरून घरात प्रश्न येतील. भांडी घासायला, नारळ खवायला तुम्ही उपयोगाचे राहणार नाही, हा एक फायदाच. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी एखादं नख तुटेल. तुटतंच. मग पिंगपाँगचा चेंडू आणा, कात्रीने नखाएवढी चकती कापा, सुपर ग्लूने चिकटवा आणि बारीक पॉलिशपेपरने घासा. हा विनोद नाही. भलेभले वादक हेच करतात. एवढा वेळ जॅझवाला खिशातलं पिक दाखवून हसत असेल. हसू द्या.

सूर लावा. नायलॉनच्या तारा नव्या असतील तर परवापर्यंत लावत राहा.

खरी भानगड पुढे आहे. चौघांना विचारा, ‘एक’ कुठे आहे? शास्त्रीयवाला कागदावर बोट ठेवेल. जॅझवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवेल, म्हणजे त्याला ‘एक’मध्ये फारसा रस नाही. ब्राझीलवाल्याचा अंगठा ठोका इमानेइतबारे सांभाळेल, पण बाकीची बोटं त्याच्या किंचित आधी पळतील. ही चलाखी जुआंव जिलबेर्तूने 1958च्या सुमारास जगाला ऐकवली, आणि तिला बोसा नोवा असं नाव पडलं. फ्लामेंकोवाला मात्र मोजायला सुरुवातच बारापासून करेल. बुलेरीआस या फ्लामेंकोतल्या प्रकारात बारा मात्रा आणि जोर बारा, तीन, सहा, आठ, दहावर. ‘अरे, हा तर आपला एकताल!’ असं म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. जेवणाच्या टेबलावर हात आपटून तीन-तीन-दोन-दोन-दोन असं पाच मिनिटं मोजून बघा. वरण सांडेपर्यंत एकताल डोक्यातून निघून जातो.

गृहपाठ म्हणून ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ हा अल्बम ऐका. बहुतेक भाग 5 डिसेंबर 1980 रोजी तिथल्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला आहे. अल डी मेओला आणि जॉन मॅक्लॉफलिन पिकने वाजवतात, पाको दे लुसिया नुसत्या बोटांनी. हाच मॅक्लॉफलिन त्याच्या काही वर्षं आधी आपल्या तबलावाल्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ति’ या बँडमध्ये बसून तिहाया पचवून गेलेला, त्यामुळे त्याला बारांचं काय कौतुक! पाको कागद वाचून वाजवणाऱ्यांतला नव्हता आणि जॅझमध्ये मुरलेलाही नव्हता. तरी एगबेर्तू जिसमोंती या ब्राझिलियन संगीतकाराच्या ‘फ्रेवो रास्गादो’मध्ये तो मॅक्लॉफलिनसमोर बसून सरळ भिडतो. मला विचाराल तर वेगाचं प्रदर्शन जरा जास्तच झालंय. पण चिक कोरियाच्या रचनेत डी मेओला आणि मॅक्लॉफलिन मध्येच ‘पिंक पँथर’ची धून सोडून देतात, तेव्हा कळतं की ही माणसं एकमेकांना ऐकतायत. तुमच्या चौकडीत हे व्हायला निदान एक पावसाळा जाईल.

पहिली मैफल घरच्यांपुढेच करा. अर्धवर्तुळात बसा, म्हणजे एकमेकांचा श्वास दिसतो. उठाव घ्यायला त्याच्याइतकी खात्रीची खूण नाही. शेवटाला बुलेरीआस ठेवा आणि संपायचं कुठे ते आधी ठरवून घ्या, कारण ती बहुतेकदा दहाव्या मात्रेवर मिटते. चौघं एकदम थांबलात तर कमाल झाली. काका मात्र हात वर उचलून, मान तिरकी करून समेची वाट बघत बसलेले असतील. त्यांना चहा द्या.